देवीला विचारू

आप्पा,

तुमच्या हातांबद्दल लिहायला बसलोय. तुमचं तोंड आता नीट आठवत नाही. आठवतं ते भिंतीवरच्या फोटोतलं, आणि त्या फोटोत तुम्ही कुणा दुसऱ्याच्याच बापासारखे दिसता. पण हात आठवतात. आपल्या गावातल्या बापांचे हात रताळ्याच्या मातीनं चिरलेले, नखांत काळी रेघ. तुमचे मऊ होते. रान वाट्यानं दिलेलं, खुरप्याला तुम्ही कधी शिवला नाही, कारण देवीच्या पूजेचा मान आपल्या घराकडं आणि देवीच्या अंगाला लागणारा हात मातीत घालायचा नसतो म्हणून तुम्हीच सांगितलेलं. मी हे मस्कतच्या बाहेर एका खोलीत बसून लिहितोय. मी इथं लोखंडी पायपांची मचाणं बांधतो, दुसरे लोक त्यावर चढून काम करतात. आज सुट्टी आहे, खोलीतली माणसं पंख्याखाली पालथी पडलीत, बाहेर ऊन असं की चप्पल भाजतं. माझी शाळा आठवीपर्यंतची, लिहिताना चुकंल तिथं चुकंल. तुम्हाला तरी अक्षर कुठं लागत होतं?

परवा शेजारच्या बिहारी पोरानं मला विचारलं, तुझा बाप काय करत होता. मी म्हटलं, कौल लावत होता. त्याला कळेना, मग त्याला समजावून सांगितलं. देवीच्या काळ्या दगडी मूर्तीच्या दोन खांद्यांवर फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. हात जोडून विचारायचं, पोराला नोकरीला पाठवू का, हा बैल घेऊ का, ही सोयरीक करू का. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तो हसला आणि म्हणाला, "और दोनों नहीं गिरे तो?" मी म्हटलं, तर थांबायचं. माझा बाप थांबण्यात लई हुशार होता.

खरंच हुशार होता तुम्ही. कौल मागायला आलेल्या माणसाला आधी देवळाच्या कट्ट्यावर बसवायचा, चहा पाजायचा, त्याला बोलू द्यायचा. ती शेंगांवाली म्हातारी आठवते का? म्हणाली, "सून म्हायेरला जातो म्हनतीया, विचारा देवीला." तुम्ही म्हणालात, "तुमास्नी काय वाटतंय मावशी?" तर म्हणाली, "मला काय वाटायचंय बाबा? जाईना का सुखानं. पन शेंगा काढायच्या हाईत." झालं. डावी पडली. म्हातारीनं दोन्ही हातांनी स्वतःच्या गालावर मारून घेतलं, "देवीलाबी शेंगांचं कळतंय बघा!" आणि सगळे हसले, तुम्हीही हसलात. खांबाच्या आड उभी असलेली ती सून तेवढी हसली नाही. तिचं गाठोडं तिच्या पायाशीच होतं.

गावाला तुम्ही ज्याला जे पाहिजे ते द्यायचा. घरात तुम्हाला जे पाहिजे ते व्हायचं. एवढाच फरक होता, पण तो कळायला मला वेळ लागला, कारण तुम्ही कधी आवाज चढवला नाही. दुसऱ्यांचे बाप दारू पिऊन भांडी फेकायचे. तुम्ही कधी कुणाला नाही म्हणाला नाही. आईचं माहेर निपाणीच्या पलीकडं. तिचा भाऊ तंबाखूच्या वखारीत हमाली करायचा, खोकून खोकून त्याची छाती भरली आणि निरोप आला, येऊन बघून जा. आईनं लुगडं, भाकरी, भावासाठी तुपाची वाटी बांधली. तुम्ही झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होता. म्हणालात, "जा की. मी कोन नगं म्हननारा? पन येकदा देवीला विचारू." आईनं गाठोडं घेऊनच देऊळ गाठलं. डावी पडली. आई परत आली, गाठोडं सोडलं, तुपाची वाटी फडताळात ठेवली, चूल पेटवली. मामा त्याच आठवड्यात गेला. आई गोठ्यात जाऊन रडली, म्हशीच्या आडोशाला, म्हणजे तुम्हाला ऐकू जायला नको. आणि तुम्ही पाव्हण्यांना सांगत होता, "देवीनं वाचवलं बघा. ही तिकडं गेली आसती आनी हिलाबी ती छाती लागली आसती तर?" तुम्हाला तेव्हा काय पाहिजे होतं, आप्पा? मी लई विचार केला. काही नव्हतं पाहिजे. दोन दिवस भाकरी कोण थापणार, एवढंच असणार.

माझी शाळाही तशीच गेली. बाई घरी येऊन म्हणाल्या होत्या, पोराला बेळगावच्या वसतिगृहात ठेवा, डोकं बरं आहे. तुम्ही बाईंना पाट दिला, चहा दिला, हात जोडले. आणि मग देवीला विचारलं.

आता आक्काचं लिहितो. आक्काला बघायला बेळगावचा मुलगा आला होता, कारखान्यात लेथवर कामाला. बापाबरोबर आलेला, अंगावर इस्त्रीचा शर्ट आणि बोटात ग्रीस राहिलेलं. आक्का पोहे देऊन आत आली आणि रिकाम्या ताटात बोट फिरवत बसली. हसू लपवायला तिला दुसरं काही सुचेना. मी तिला चिडवलं तर चिमटा काढला. बाहेर मुलाचा बाप तुम्हाला म्हणाला, "आमी कौल-बिल बघत न्हाई बघा. पोरं येकमेकाला पसंत हाईत, मग दगडाला कशाला तरास?" तुम्ही हसून म्हणालात, "बरुबर हाय तुमचं. पन आमच्या घरची रीत." तुमचा सुपारीचा अडकित्ता तेवढा थांबला होता. दुसऱ्या दिवशी डावी पडली.

मग कोगनोळीचं स्थळ आलं. नवरा आक्कापेक्षा लई मोठा, पहिली बायको मेलेली, हमरस्त्यावर नाक्याजवळ टायरचं दुकान. पण ती माणसं देवळात आल्या आल्या देवीपुढं आडवी झाली, आणि उठली ती तुमच्या पायावर. नवऱ्याची आई तुमच्या पायाची धूळ डोक्याला लावत म्हणाली, "तुमी सांगशीला ती दिशा." उजवी पडली, आप्पा, अशी पटकन पडली की माझ्या शेजारचा माणूस "वाऽ" म्हणाला. आक्का मला म्हणाली, "देवीनं दिलंय म्हंजी बरंच आसंल रं." लग्नात तिचे डोळे कोरडे होते. बाकीच्या बायका म्हणाल्या, पोरगी घट्ट आहे.

तिच्या लग्नानंतर पुढच्या साली तुम्ही मला मागच्या दारी बसवलं. पूजेची पाळी पुढं मलाच घ्यायची होती. आईचा पाटा उभा करून भिंतीला टेकवला, तांब्यात पाणी घेतलं, कण्हेरीच्या दोन पाकळ्या घेतल्या. "बघ," म्हणालात. एक पाकळी भिजवून तशीच चिकटवली. दुसरी भिजवली आणि लावता लावता अंगठा धोतराच्या काठाला पुसला, कोरड्या अंगठ्यानं पाकळीतलं पाणी दाबून काढलं. ती आधी पडली. "जी पाडायची तिचं पानी काडायचं. दगडाला त्या अंगाला आदीच त्येलाचं बोट वडून ठिवायचं. आनी घाई करायची न्हाई." तुम्ही हे असं सांगितलंत जसं कुणी पोराला सायकलचं पंक्चर काढायला शिकवतं. लाज नव्हती, लपवणं नव्हतं. उलट मला वाटतं तुम्ही त्या दिवशी खूश होता, पहिल्यांदाच आपण दोघं मिळून काहीतरी करत होतो.

माझ्या हातात पाकळी होती आणि डोक्यात एकेक दिवस मागं मागं चाललेला. मी विचारलं, "म्हंजी माझ्या शाळंचा कौल?"

"तू गेला आसतास तर आज हितं कोन बसलं आसतं?" तुम्ही सुपारी या गालातून त्या गालात घेतली. "आता उजवी पाड बगू."

"आनी आक्काचा?"

"त्यो बेळगावचा म्हातारा देवीला दगड म्हनला."

"पन आप्पा, दगूडच हाय की तुमच्यासाटनं!"

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जणू हा पोरगा तुम्हाला वाटला तेवढा हुशार नाही. म्हणालात, "देवीला दगूड म्हनला म्हनून न्हवं रं. माझ्याम्होरं म्हनला."

त्याच दुपारी मी आईला सांगितलं. ती गोठ्यात वैरण टाकत होती, थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, "ठावं हाय मला. धोतार कोन धुतंय? काठाला त्येच जागी त्येलाचा अंगठा. माझा भाऊ मेला त्या आटवड्यातबी हुता."

"मग बोलली का न्हाईस?"

"कुनाला? देवीला?"

आणि मग आक्का आली. यात्रेचे दिवस होते, देवळात माणसं होती. डोक्यावरचा पदर ती खाली घेईना, म्हणून आईनंच घेतला. नवऱ्यानं वेणी कापली होती, मानेपाशी, टायर कापायच्या सुरीनं. एका ट्रकवाल्यानं पाणी मागितलं आणि हिनं तांब्या दिला, एवढ्यावरून. तो दुकानात गेला की बाहेरून कडी लावायचा. आक्का म्हणाली, "आप्पा, मी आता जात न्हाई." तुम्ही तिच्या कापलेल्या केसांवरून हात फिरवलात. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी बघितलंय, खोटं बोलणार नाही. आणि म्हणालात, "ऱ्हा की बाळे. मी कोन नगं म्हननारा? देवीला विचारू." कारण गाव बघत होतं, आणि तुम्हीच उजवी पाडलेलं लग्न मोडलं तर उद्या तुमच्या पाकळीला कोण विचारणार?

देवळात मी बाजूलाच उभा होतो. तुमचा अंगठा धोतराकडं गेला आणि मी ओरडलो, "आंगठा पुसला! बघा, आप्पांनी आंगठा पुसला!" माणसं माझ्याकडं वळली. तुम्ही मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही वळलात आणि हळू, काळजीच्या आवाजात म्हणालात, "पोराला वारं लागलंय. लिंबू आना कुनीतरी." धाकट्या चुलत्यानं मला मागून धरलं, दुसऱ्यानं कपाळाला भंडारा चोळला, डोळ्यांत गेला. माझ्या अंगावरून लिंबू उतरवलं. आणि त्या सगळ्यात आक्काचा आवाज आला, "आप्पास्नी आसं बोलू नगंस रं, पाया पडते तुज्या." डावी पडली. तुम्ही तिच्या हातात प्रसादाची फुलं दिलीत आणि मला सांगितलंत, जा, बसला बसवून ये.

थांब्यावर आम्ही दोघंच होतो. माझे डोळे चुरचुरत होते. तिच्याजवळ स्टीलची पाण्याची बाटली होती, ती मी तिच्या मांडीवर उभी धरली, तुमच्याच प्रसादातल्या दोन पाकळ्या भिजवल्या, अंगठा पँटीला पुसला आणि म्हटलं, कुठली पाडू सांग. ती म्हणाली, उजवी. पाडली. डावी म्हणाली. पाडली. मग तिनं माझ्या हातातून पाकळ्या घेतल्या आणि स्वतः करून बघितलं, एकदा चुकलं, परत केलं, जमलं. बस आली तेव्हा ती उठली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं मी देवीवर रुसून बसले हुते." एवढंच बोलून चढली. मी घरी आलोच नाही. तिथूनच गोव्याला गेलो, पुढं कुठं कुठं गेलो, एका जागी वर्षभर टिकलो नाही.

तुमच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा आईनं बोलावलं म्हणून आलो. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं, सोप्यातल्या बाजेवर तुम्ही, आणि तो मऊ हात उशीवर ठेवलेला, कुणी विसरून गेल्यासारखा. एकच शब्द नीट यायचा. "बाळे." पाणी पाजलं तरी बाळे, कूस बदलली तरी बाळे. आईनं आक्काला फोन लावून दिला. ती आली. नवऱ्याला विचारून आली की भांडून आली, आम्ही विचारलं नाही. हातात पिशवी होती, मोठी. गल्लीतली माणसं तुम्हाला बघायला आलेलीच होती, चुलते होते. आक्का अंगणात थांबली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. बाजेवरून तुम्हाला ती दिसत होती, तुम्ही डावा हात वर केला, "बाळे, बाळे."

आक्का म्हणाली, "आत यायाचं लई हाय मनात. पन मी कोन ठरवनारी? देवीला विचारू."

सगळ्यांना ते योग्यच वाटलं. आपल्या घरची रीत. देव्हारा तुमच्या समोरच होता, त्यात देवीचा पितळी मुखवटा. आईनं तांब्या घेतला, परसातल्या कण्हेरीच्या पाकळ्या आणल्या. आप्पा, तुम्ही बघत होता, मी तुम्हाला बघत होतो. आईनं उजवी भिजवली, मुखवट्याच्या उजव्या गालाला लावली. डावी भिजवली. आणि मग तिनं काय केलं, तर अंगठा पदराला पुसला. लपवून नाही. तुमच्याकडं तोंड करून, सावकाश, एकदा पुसला, उलटा करून परत पुसला. आयुष्यभर धोतराचा काठ धुतलेल्या बाईला ते शिकवावं लागलं नव्हतं.

तुम्हाला कळलं. तुमचा डावा हात वर आला, अंगठा बाहेर काढलात, तो हलवत राहिलात, "अं... अं..." तोंडातून लाळ आली. डावी पडली.

चुलता म्हणाला, "बघा, देवीनं न्हाई म्हटलं तरी दादा तिला हात करतोय. काय भक्ती म्हनायची!" बायकांनी डोळे पुसले. आईनं तुमची लाळ पुसली, त्याच पदरानं, आणि म्हणाली, "देवीचा शब्द मोडायचा न्हाई. तुमीच शिकिवलंय न्हवं?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. त्या घरात खरं काय ते सांगू शकणारा मी एकटाच होतो, आणि ते तुम्हाला पाहिजे होतं, पहिल्यांदाच. मी चमच्यानं पाणी पाजायला वाकलो आणि तुमच्या कानात म्हटलं, "मी सांगून कोन ऐकंल, आप्पा? मला वारं लागलंय."

अंगणातून आक्कानं मोठ्यानं विचारलं, तुम्हाला ऐकू जाईल असं, "आई, आप्पा जेवलं का?"

"पेज घेतली."

"बरं हाय मग." तिनं पिशवी उचलली. मी बसपर्यंत गेलो. ती कोगनोळीच्या बाजूला उभी राहिली नाही, बेळगावच्या बसमध्ये चढली. कुणाला विचारलं नाही, देवीलाही नाही. आता खोली घेऊन राहते, पिशव्या शिवायच्या कारखान्यात आहे, केस परत वाढलेत.

तुम्ही त्यानंतर थोडेच दिवस होता. तुम्हाला अंगणात ठेवल्यावर ती आली, तुमच्या डोक्याशी बसली, तुमच्या त्या हाताकडं बघत राहिली. कुणीतरी म्हणालं, रड गं बाई, मोकळी हो. ती म्हणाली, "बघू."

अधूनमधून तिचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलते, मी लग्न कधी करणार विचारते, आणि फोन ठेवायच्या आधी, दर वेळी नाही, पण कधी कधी, सहज विचारल्यासारखं विचारते, "मी गेल्यावर आप्पांनी माजं नाव काडलं हुतं का रं?" मी म्हणतो, "न्हाई." ती म्हणते, "आसू दे." तिला हलकं वाटावं म्हणून म्हणतो, असं मी स्वतःला सांगत आलोय. हे लिहिलेलं मी तिला वाचून दाखवणार नाही आणि आईलाही धाडणार नाही. कारण तुम्ही तिला शेवटच्या श्वासापर्यंत हाका मारत होता, आप्पा, आणि तेवढं एक तुमचं मी तिला मिळू देत नाही. तुम्हाला मिळू देत नाही, हे जास्त खरं.